खालचा पाइप गार का होता

एप्रिल संपत आला होता. दुपारी दोनच्या सुमारास खिरोद्याहून पालच्या घाटाला लागलो तेव्हा पुढे कडब्यानं भरलेला ट्रॅक्टर होता आणि त्याला ओलांडायला जागा मिळेना. पहिल्या-दुसऱ्या गिअरवर त्याच्या मागं मागं चढत होतो. माझ्या मोटरसायकलच्या मीटरवर इंजिनच्या तापमानाच्या सहा दांड्या आहेत, एरवी चार पेटतात. पाचवी पेटली, पुढच्या वळणाला सहावी, आणि मग लाल दिवा. एका कडुनिंबाखाली गाडी लावून किल्ली फिरवली. इंजिन बंद झालं तरी आतून गुडगुड चालूच होती. रेडिएटरच्या राखीव टाकीच्या नळीतून हिरवट पाणी उतू जाऊन मातीवर पडत होतं आणि पडल्या पडल्या सुकत होतं.

ट्रॅक्टरवाला पुढं जाऊन थांबला, पाण्याचा कॅन घेऊन मागं चालत आला. "इंजिनवर टाक ना भो, लगेच गार होईन." माणुसकीनं आला होता, पण मी हात आडवा धरला. तापलेल्या ॲल्युमिनिअमवर गार पाणी ओतलं की हेड, म्हणजे सिलिंडरच्या वरचा भाग, वाकू शकतं, त्याला तडाही जाऊ शकतो. आणि रेडिएटरचं झाकण तर अशा वेळी हलवायचंच नसतं. आतलं पाणी शंभराच्या वर गेलेलं असतं, ते केवळ दाबामुळं पाणी राहिलेलं असतं. झाकण सैल झालं की त्यातल्या काही पाण्याची एका क्षणात वाफ होते आणि ती तोंडावर येते. त्याच्या कॅनमधलं पाणी मी प्यायलो आणि पन्नास मिनिटं तिथंच बसून राहिलो.

मी ठिबक सिंचनाचं काम बघतो. यावल आणि रावेर तालुक्यांत केळीच्या बागांना जाऊन संच बसवणं, नळ्या तपासणं, ड्रिपर चोंदले की ॲसिड ट्रीटमेंट करून देणं हे रोजचं. दिवसाला ऐंशी-शंभर किलोमीटर होतात. गाडी सिंगल सिलिंडर, लिक्विड कूल, दोनशे सीसीची. दोन वर्षांपूर्वी जळगावहून जुनी घेतली. तिच्यावर माझं पोट आहे, म्हणून ती नुसती चालून भागत नाही, भरवशाची असावी लागते.

घाटातला प्रकार ज्याला ज्याला सांगितला, त्यानं एकच सांगितलं: खान्देशातलं ऊन आहे, गाडी तापणारच. मला हे पटत नव्हतं. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो हे खरं. पण तसल्याच हजारो गाड्या त्याच उन्हात त्याच रस्त्यांवर फिरतात, त्यांना काही होत नाही. मागच्या उन्हाळ्यात माझ्या गाडीलाही झालं नव्हतं. ऊन काय करतं ते हिशेबानं बघावं. रेडिएटर उष्णता बाहेर टाकतो ती आतलं पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर. आत ९५ आणि बाहेर २५ असेल तर फरक ७०. बाहेर ४५ झाले तर फरक ५०. म्हणजे थंडीच्या मानानं रेडिएटरची ताकद जवळजवळ तीस टक्क्यांनी घटते. कंपनीनं तेवढी शिल्लक धरूनच तो बनवलेला असतो. ती शिल्लक आधीच दुसऱ्या कशानं तरी खाल्ली असेल, तर डिसेंबरात कळत नाही, एप्रिलात उघडं पडतं. मला ते 'दुसरं काहीतरी' शोधायचं होतं.

माझे मामा भुसावळला असतात. रेल्वेच्या शेडमध्ये त्यांनी नोकरी काढली, आता निवृत्त आहेत. त्यांच्याकडे गाडी नेली तेव्हा मी निघतानाच पान्यांची पेटी सोबत घेतली होती. त्यांनी ती बाजूला ठेवायला लावली.

"ते राहू दे आधी. गाडी कधी तापते?"

"घाटात तापली, मामा."

"एकदाच? गर्दीत उभी असली तं? मोकळ्या रोडवर पळवली तं? हे माहीत नसलं तं कामून खोलतो?"

मग आठवडाभर वहीत लिहीत गेलो. ठिबकच्या भेटींची वही असते, तिच्याच मागच्या पानावर. सावद्याला केळीच्या ट्रकांच्या रांगेत वीस मिनिटं अडकलो, पंखा लागला, पाचवी दांडी पेटली आणि तिथंच टिकली. फैजपूर-भुसावळ रस्त्यावर ऐंशीच्या वेगानं गेलो तर पाचवी, मग सहावी. वेग साठावर आणला की खाली. चढावर मागं माणूस बसवला की हमखास सहावी. हे लिहून झाल्यावर निम्मं काम झालं असं आज वाटतं. गर्दीत उभी असताना तापते आणि पळवल्यावर निवते, अशी गाडी असेल तर पंख्यावर किंवा समोरून येणाऱ्या हवेवर संशय घ्यायचा. माझी उलट होती. भार पडला की तापत होती. म्हणजे आतलं पाणी हवं तेवढं फिरत नव्हतं, किंवा फिरूनही उष्णता टाकत नव्हतं.

दुसरी गोष्ट मामांनी दाखवली ती मी रोज बघत असूनही मला दिसली नव्हती. मी रोज सकाळी राखीव टाकी बघायचो. पाणी वरच्या रेघेच्याही वर, म्हणजे भरपूर, असं समजून गाडी चालू करायचो. मामा म्हणाले, "टाकी नको पाहू, रेडिएटर उघडून पाह्य." रात्रभर उभी राहिलेली थंडगार गाडी. झाकण फिरवलं. तोंडाशी पाणी दिसायला हवं होतं, तिथं आतल्या नळ्यांची कोरडी टोकं दिसली. अर्धा ग्लासाहून जास्त पाणी मावलं.

टाकी काठोकाठ आणि रेडिएटर रिकामा, हे कसं, ते झाकणात होतं. रेडिएटरच्या झाकणाला लोक नुसतं बूच समजतात. त्यात दोन व्हॉल्व्ह असतात. एक स्प्रिंगचा, कुकरच्या शिट्टीसारखा दाब धरून ठेवतो. माझ्या झाकणावर १.१ कोरलेलं आहे, म्हणजे तेवढे बार, बार हे दाबाचं माप. त्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा १२० अंशांपर्यंत उकळत नाही. दुसरा व्हॉल्व्ह इवलासा, मधोमध, शर्टाच्या बटणाएवढा. इंजिन गार होताना आतलं पाणी आकसतं, तेव्हा हा उघडतो आणि टाकीतलं पाणी परत रेडिएटरमध्ये ओढून घेतो. माझ्या झाकणातलं ते बटण नखानं ओढलं तरी हलेना. त्याच्या कडेला पांढरी खर साचली होती. रबरही कडक होऊन त्यावर गोल खाच पडलेली. म्हणजे दर वेळी तापल्यावर पाणी टाकीत जायचं आणि तिथंच राहायचं. त्या पांढऱ्या खरीकडे मी त्या दिवशी नीट लक्ष दिलं नाही, हे इथं सांगून ठेवतो.

नवं झाकण घेतलं, त्याच १.१ चं. दुकानदार जास्त दाबाचं देत होता, "जास्त चांगलं" म्हणून. घेऊ नये. होज म्हणजे रबरी पाइप, सील आणि रेडिएटर ठरलेल्या दाबासाठीच असतात. रेडिएटर भरून घेतला. टाकीचं उतू जाणं थांबलं, पण ऐंशीच्या वेगाला सहावी दांडी पेटायची ती पेटतच राहिली.

मग बाहेरून बघितलं. रेडिएटरच्या पाकळ्यांत कपाशीचे तंतू, मेलेले किडे, शेतरस्त्याची काळी माती असा थरच होता. सर्व्हिस स्टेशनचा प्रेशर पंप वापरला नाही, त्यानं पाकळ्या आडव्या होतात. बागेच्या नळीनं मागून पुढं हळू पाणी सोडलं आणि वाकलेल्या पाकळ्या दाभणानं एकेक सरळ केल्या. दोन तास गेले. थोडा फरक पडला, अर्ध्या दांडीचा म्हणू. पंख्याला बॅटरीवरून थेट करंट दिला, तो फिरला. फ्यूज ठीक, प्लगचे पिन स्वच्छ. तिथं वेळ घालवायचं कारणच नव्हतं.

मधेच एका गॅरेजमध्ये दाखवली. कारागिरानं झाकण उघडून गाडी चालू केली, रेडिएटरमध्ये चार बुडबुडे आले, आणि त्यानं हेड गॅस्केट, म्हणजे हेड आणि सिलिंडर यांच्या मधलं पॅकिंग, गेल्याचं सांगितलं. साडेआठ हजार. रात्री झोप आली नाही. सकाळी मीच पुन्हा बघितलं. गॅस्केट गेलं असेल तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात घुसतो, त्यामुळं बुडबुडे थांबत नाहीत आणि रेस दिली की वाढतात. माझे दोन मिनिटांत थांबले, ती अडकलेली हवा होती. ऑइल चहासारखं दुधाळ झालं नव्हतं. गरम गाडीच्या सायलेन्सरमधून पांढरा गोडसर वासाचा धूर नव्हता. गॅस्केट शाबूत होतं. कारागिरानं फसवलं असं मी म्हणणार नाही, त्यानं चार बुडबुड्यांवर निकाल दिला. पण साडेआठ हजारांचा निकाल देताना अजून दहा मिनिटं थांबायला हवं होतं, असं माझं ठाम मत आहे.

खरी वाट तापमापीच्या बंदुकीनं दाखवली. माझा एक मित्र जळगावच्या डाळमिलमध्ये इलेक्ट्रिशियन आहे, मोटारींची बेअरिंग तपासायला त्याच्याकडे ती असते. कोरोनात कपाळावर धरायचे ती इथं चालत नाही, तिचं माप माणसाच्या तापापुरतंच. आणखी एक: चकचकीत ॲल्युमिनिअमवर ही बंदूक खोटं सांगते, कमी दाखवते. म्हणून धातूवर काळी इन्सुलेशन टेप चिकटवली आणि पाइपांच्या काळ्या रबरावर माप घेतलं. दहा किलोमीटर पळवून आणलेली गाडी, पंखा चालू. इंजिनकडून रेडिएटरला येणारा वरचा पाइप ९७. रेडिएटरकडून पंपाकडे जाणारा खालचा पाइप ५४.

मित्र म्हणाला, "खालचा एवढा गार, म्हणजे रेडिएटर मस्त काम करतोय." मीही क्षणभर तसंच समजलो. मग माझ्याच धंद्यातली गोष्ट आठवली. ठिबकच्या नळीच्या सुरुवातीला दाब चांगला असतो, शेवटच्या झाडाला थेंब थेंब पडतं, तेव्हा आपण ड्रिपरला बोल लावत नाही, नळी चोंदली म्हणतो. इथं पाणी एवढं गार होत होतं, कारण ते रेडिएटरमध्ये रेंगाळत होतं. भरपूर पाणी वेगानं फिरलं असतं तर खालचा पाइपही चांगला गरम लागला असता, दहा-पंधरा अंशांच्या फरकानं. ४३ अंशांचा फरक म्हणजे पाणी फिरतच नव्हतं पुरेसं. आता प्रश्न एवढाच उरला: अडलं कुठं? थर्मोस्टॅट म्हणजे पाणी तापलं की उघडणारी झडप, पाणी फिरवणारा पंप, की रेडिएटर?

थर्मोस्टॅट काढायला सोपा. आई त्या दिवशी गच्चीवर कुरडया घालत होती, स्वयंपाकघर रिकामं होतं. एक जुनं पातेलं मागून घेतलं, ते कायमचं माझ्या पेटीत गेलं. कूलंटमधलं, म्हणजे रेडिएटरमधल्या त्या हिरव्या पाण्यातलं, इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं, त्याचा अंश लागलेलं भांडं परत चुलीवर नको. थर्मोस्टॅट दोऱ्यानं पाण्यात लोंबकळत ठेवला, तळाला टेकू दिला नाही, शेजारी थर्मामीटर. ८१ ला झडप किंचित सरकली. ९२ पर्यंत पूर्ण उघडली. गॅस बंद केला, पाणी निवलं, बंद झाली. थर्मोस्टॅट निर्दोष. "काढूनच टाका, आपल्याकडे काय थंडी असते," असंही दोघांनी सुचवलं होतं. डिसेंबरात यावलच्या शिवारात पहाटे दात वाजतात हे ते विसरले. थर्मोस्टॅटशिवाय इंजिन वेळेत तापत नाही, पेट्रोल जास्त खातं आणि झिजतं.

पण त्या थर्मोस्टॅटच्या बुडाशी पांढरा, खरखरीत थर होता. बोटानं घासला तर खडूसारखी पूड. पंपाचं कव्हर काढलं, आतलं पातं घट्ट आणि धड होतं, खालचं गळतीचं भोक कोरडं होतं, म्हणजे सीलही ठीक. तिथंही तोच थर. मग झाकणाच्या बटणाची खर आठवली. हा थर मी रोज बघतो. केळीच्या बागेतल्या ड्रिपरच्या तोंडाशी असतो तो, हुबेहूब.

आमच्याकडच्या बोअरचं पाणी जड. त्यात विरघळलेलं कॅल्शियम बायकार्बोनेट असतं. पाणी तापलं की त्याचं कॅल्शियम कार्बोनेट होऊन धातूला धरतं, बंबात आणि गिझरमध्ये साचतं तेच. आणि हा क्षार थंड पाण्यापेक्षा गरम पाण्यात कमी विरघळतो. म्हणून इंजिनमध्ये जिथं सगळ्यात जास्त ताप, तिथं तो आधी बसतो. रेडिएटरच्या चपट्या नळ्या आतून इतक्या अरुंद असतात की थोडा थरही त्यांना पुरतो. मागच्या नोव्हेंबरात होज बदलताना कारागिरानं नळाचं पाणी भरलं होतं, मी समोर उभा होतो. नंतर दोनदा मीच शेतातल्या बोअरवर बाटली भरून ओतली. शेतकऱ्यांना पाण्याचा रिपोर्ट काढायला सांगणारा मी. याचं मला फार वाईट वाटलं, आणि वाटायलाच हवं.

रेडिएटर सोडवून अंगणात खुंटीला टांगला. ठिबकचा प्रवाह मोजतो तसंच मोजलं: वर नरसाळं, खाली बादली, एक लिटर पाणी, हातात मोबाइलचं घड्याळ. ३८ सेकंद. नरसाळ्यात पाणी तुंबून राहत होतं.

ठिबकला आम्ही हायड्रोक्लोरिक ॲसिड वापरतो. ते घरात होतं, पण इथं ते कधीही वापरू नये, ॲल्युमिनिअमच खाऊन टाकतं. किराणा दुकानातून लिंबूसत्त्व आणलं, म्हणजे सायट्रिक ॲसिड. एका लिटर कोमट बॅटरीच्या पाण्यात, म्हणजे डिस्टिल्ड वॉटरमध्ये, ५० ग्रॅम. खालचं तोंड बंद करून वरून ओतलं आणि कान लावला. सोडावॉटरची बाटली उघडल्यासारखी बारीक सुरसुर. तोंडाशी फेस आला. वीस मिनिटांनी सुरसुर थांबली, सोडलं तर तांदळाच्या धुवणासारखं पाणी आणि त्यात पांढरे कण. पुन्हा मोजलं, २१ सेकंद. दुसऱ्यांदा भरलं, तिसऱ्यांदा भरलं. १२ सेकंद. चौथ्यांदा सुरसुर आलीच नाही, लगेच ओतून दिलं. रात्रभर ठेवायचा मोह आवरला, सौम्य असलं तरी ॲसिडच ते.

रेडिएटर बसवून तेच द्रावण इंजिनमधूनही पंधरा मिनिटं फिरवलं, आणि मग डिस्टिल्ड वॉटरनं धुणं. ॲसिड ट्रीटमेंटसाठी माझ्या पिशवीत पीएचच्या पट्ट्या असतातच. पहिलं धुवण लालसर, दुसरं पिवळं, चौथ्याला पट्टी नव्या पाण्यात बुडवली तशीच राहिली. तेव्हा थांबलो. जुनं कूलंट मात्र अंगणात ओतलं नाही. ते चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात. कॅनमध्ये बंद करून खूण केली.

नवं कूलंट तयार मिश्रणाचं घेतलं. इथंही गैरसमज आहे की उन्हाळा कडक म्हणून पाणी न मिसळता निव्वळ कूलंट भरावं. ग्लायकॉल उष्णता वाहून नेण्यात पाण्यापेक्षा कमी पडतं. निम्मं-निम्मं मिश्रण उकळायला झाकणाच्या दाबाशिवायही १०७ अंश लागतात, गंजही धरत नाही, तेवढंच पुरे.

भरायला मामांना बोलावलं होतं. गाडी डाव्या अंगाला किंचित तिरकी, वरचा हवेचा बोल्ट दोन आटे सैल, आणि मी बारीक धारेनं ओततोय. बोल्टातून आधी फुसफुस, मग फेस, मग सलग हिरवी धार. बोल्ट आवळला. झाकण उघडं ठेवून गाडी चालू केली. मी वरचा पाइप हळूहळू दाबत सोडत होतो, अडकलेली हवा वर यावी म्हणून. मामा उकिडवे बसले होते, दोन बोटं खालच्या पाइपवर. वरचा तापत गेला. खालचा गारच. पाच मिनिटं, सहा, सात. माझ्या छातीत धडधड. मग रेडिएटरच्या तोंडाशी पाण्याची पातळी एकदम इंचभर खाली गेली, थर्मोस्टॅट उघडला होता, आणि मामांनी बोटं झटकली.

"आला रे. चटका बसला."

पातळी पुन्हा भरून झाकण लावलं. दहा किलोमीटर पळवून आणली, टेपवर आणि रबरावर बंदूक धरली. वर ९१, खाली ८०.

सगळा खर्च बाराशेच्या आत आला. झाकण, कूलंट, लिंबूसत्त्व, थर्मोस्टॅटची ओ-रिंग.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात मुद्दाम दुपारी दोनलाच पालच्या घाटात गेलो, मामेभाऊ मागं बसवून. अंगावरून झळा जात होत्या, हेल्मेटच्या आत घाम कोरडा होत होता. त्याच वळणांवर पाचवी दांडी दोनदा पेटली, पंख्याची घरघर ऐकू आली, आणि दोन्ही वेळा ती विझली. कडुनिंबापाशी थांबलो, किल्ली फिरवली. गुडगुड नाही. खाली वाकून बघितलं, माती कोरडी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड गाडीचं झाकण उघडलं, पाणी तोंडाशी होतं, आणि टाकीतलं दोन रेघांच्या बरोबर मधे.

बोअरच्या पाण्याची बाटली पिशवीतून काढली आहे. तिच्या जागी अर्धा लिटर कूलंट असतं.